मंगळावरच्या हेलिकॉप्टरचा मेंदू आणि डोळे

यंत्रमानव म्हटले की दोन हात, दोन पाय आणि लुकलुकणारे डोळे असलेली पोलादी आकृती सर्वसामान्यांच्या नजरेसमोर उभी राहते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र यंत्रमानवाची ओळख त्याच्या आकारावरून ठरत नाही. परिसराची जाण घेणे, त्या जाणिवेवरून निर्णय करणे आणि निर्णयानुसार हालचाल करणे या तीन क्रिया जे यंत्र स्वतःहून पार पाडते, ते यंत्रमानव. यातील पहिली क्रिया संवेदकांची, दुसरी संगणकाची आणि तिसरी मोटारींची. मोटारी कितीही ताकदीच्या असल्या तरी पहिल्या दोन गोष्टी कच्च्या असतील तर यंत्र आंधळेपणाने कुठेतरी धडकणार हे ठरलेले.

या दोन गोष्टींची परीक्षा पाहणारे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे 'इन्जेन्युइटी'. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे हे छोटे हेलिकॉप्टर 'पर्सिव्हिअरन्स' या बग्गीच्या पोटाखाली बसून १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरले. १९ एप्रिल २०२१ रोजी त्याने जमिनीपासून ३ मीटर उंचीवर जाऊन ३९.१ सेकंदांचे पहिले उड्डाण केले. पृथ्वीखेरीज अन्य ग्रहावर इंजिनाच्या बळावर झालेले ते पहिले नियंत्रित उड्डाण होते. ३० दिवसांत जास्तीत जास्त पाच उड्डाणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. प्रत्यक्षात १८ जानेवारी २०२४ पर्यंत त्याने ७२ उड्डाणे केली, दोन तासांहून अधिक काळ ते हवेत राहिले आणि सुमारे १७ किलोमीटर अंतर त्याने कापले. विशेष म्हणजे त्याचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक अवयव अंतराळासाठी खास घडवलेले नव्हते. मोबाइल फोन, मोटारगाडी आणि हौशी मंडळींची यंत्रे यांत जे भाग वापरले जातात, त्याच जातीचे ते होते.

स्वतःच वैमानिक होण्याची सक्ती

पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर सतत बदलत असते. त्यामुळे रेडिओ संदेश एका बाजूने पोहोचण्यास साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. मंगळावरील हेलिकॉप्टर कलू लागले तर त्याची बातमी पृथ्वीवर येईपर्यंत ते केव्हाच कोसळलेले असणार. म्हणजेच पृथ्वीवरून कळफलक दाबून ते उडवणे शक्यच नव्हते. कोठून कोठे जायचे, किती उंचीने व किती वेगाने जायचे, एवढा आराखडा आधी पाठवायचा आणि उड्डाणाचे सर्व निर्णय हेलिकॉप्टरवर सोपवायचे, हाच एक मार्ग होता.

त्यात मंगळाचे वातावरण अतिशय विरळ. जमिनीलगत त्याची घनता पृथ्वीवरील हवेच्या जेमतेम एक टक्का. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के असल्याने थोडी सवलत मिळते, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून १.८ किलोग्रॅम वस्तुमानाच्या या यंत्राला १.२ मीटर व्यासाचे, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे दिले गेले आणि ते मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेत. अशा यंत्राचा तोल सांभाळायचा तर सेकंदाला शेकडो वेळा पात्यांच्या कोनात दुरुस्ती करावी लागते. हे काम मानवी वैमानिकालाही हाताने जमणारे नव्हते.

मंगळावर दिशा व स्थान कळण्याची नेहमीची साधनेही नाहीत. तेथे जीपीएसचे उपग्रह नाहीत. मंगळाला पृथ्वीसारखे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे होकायंत्र निरुपयोगी. पृथ्वीवरच्या ड्रोनला जे आयते मिळते, ते सारे येथे केवळ अंगच्या ज्ञानेंद्रियांवर मिळवावे लागले. या हेलिकॉप्टरचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे आयआयटी मद्रासचे पदवीधर. मंगळावर उडणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी १९९० च्या दशकापासून जोपासली होती. ती प्रत्यक्षात येण्यास दोन दशके लागली, याचे एक कारण असे की, पुरेसे हलके आणि पुरेसे वेगवान इलेक्ट्रॉनिक भाग त्या काळी उपलब्धच नव्हते.

तीन मजली मेंदू

'पर्सिव्हिअरन्स' बग्गीचा मुख्य संगणक 'आरएडी ७५०' या प्रोसेसरवर चालतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील 'पॉवर पीसी ७५०' या प्रोसेसरची ही किरणोत्सर्गाला तोंड देणारी आवृत्ती. तिचा वेग फार तर २०० मेगाहर्ट्झ. अंतराळातील ऊर्जाभारित कण संगणकाच्या स्मृतीतील शून्याचा एक किंवा एकाचा शून्य करू शकतात. त्यापासून संरक्षण मिळावे म्हणून असे प्रोसेसर वेगळ्या पद्धतीने घडवतात. ते भरवशाचे असतात, परंतु महाग आणि संथ असतात. दर सेकंदाला ३० छायाचित्रे तपासून त्यांवरून आपला वेग काढणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

म्हणून इन्जेन्युइटीसाठी 'स्नॅपड्रॅगन ८०१' निवडण्यात आला. २०१४ च्या सुमारास 'वनप्लस वन'सारख्या मोबाइल फोनमध्ये असलेला हा चार गाभ्यांचा प्रोसेसर. त्याचा वेग २.२६ गिगाहर्ट्झ आणि त्यावर चालणारी संगणकप्रणाली लिनक्स. छायाचित्रांवरून मार्ग काढण्याचे अवजड गणित त्याच्याकडे देण्यात आले. असा प्रोसेसर शक्तिमान असला तरी त्याच्यावर तोल सोपवणे धोक्याचे होते. लिनक्ससारखी प्रणाली एकाच वेळी अनेक कामे उरकत असते आणि एखादे काम नेमक्या क्षणी होईलच याची हमी देत नाही.

ही हमी देणारा दुसरा मजला सूक्ष्मनियंत्रकांचा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा. मोटारगाड्यांच्या ब्रेकसारख्या सुरक्षिततेच्या यंत्रणांसाठी बनवलेल्या 'टीएमएस ५७०' या मालिकेतील दोन नियंत्रक त्यासाठी बसवले गेले. सेकंदाला ५०० वेळा तोलाचा हिशेब करून पात्यांना आज्ञा देणे हे त्यांचे काम. दोन्ही एकसारखे. एक बिघडला तर उडता उडता दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यावीत, अशी योजना.

बिघाड झाला हे ओळखणार कोण, हा प्रश्न तिसऱ्या मजल्याने सोडवला. तेथे 'एफपीजीए' प्रकारची चिप होती. या चिपमधील मंडले वापरकर्त्याला हवी तशी जोडता येतात. ती अंतराळातील किरणांना अधिक दाद न देणारी होती. वीजपुरवठा, घड्याळ आणि इतर दोन मजल्यांवरील देखरेख तिच्याकडे होती. थोडक्यात, बलवान पण लहरी प्रोसेसरकडे विचार, नियमित नियंत्रकांकडे तोल आणि खंबीर चिपकडे पहारा, अशी ही वाटणी होती. बग्गीशी बोलण्यासाठी सुमारे ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा 'झिगबी' जातीचा रेडिओ होता. घरातील दिवे दुरून चालू-बंद करण्याच्या यंत्रणांत हाच मानक वापरतात.

चार ज्ञानेंद्रिये

हेलिकॉप्टरची जाण मुख्यतः चार संवेदकांवर अवलंबून होती.

पहिले जडत्वमापक. यात त्वरणमापक आणि घूर्णीमापक असे दोन भाग असतात. सिलिकॉनमध्ये कोरलेले अतिसूक्ष्म वजन बारीक पट्ट्यांवर तोललेले असते. यंत्राला हिसका बसला की ते किंचित सरकते, त्यामुळे विद्युतधारिता बदलते आणि तो बदल मोजून त्वरण कळते. घूर्णीमापकात हे वजन सतत थरथरत ठेवतात. यंत्र वळले की थरथरीची दिशा ढळते आणि त्यावरून वळण्याचा वेग मिळतो. मोबाइल फोन आडवा धरताच पडद्यावरील चित्र आडवे होते ते याच जातीच्या संवेदकामुळे. इन्जेन्युइटीवरील जडत्वमापकही अशा उपकरणांसाठीच बनवलेला होता.

त्याचा गुण म्हणजे तत्परता, दोष म्हणजे साठत जाणारी चूक. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना बारीकशी त्रुटीही वाढत जाते. समजा, त्वरणाच्या मापनात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक आहे. तर एका मिनिटानंतर यंत्र आपले स्थान १८ मीटरने चुकीचे सांगेल. दोन मिनिटांनंतर ही चूक ७२ मीटरवर जाईल, कारण ती काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केवळ या संवेदकाच्या भरवशावर कोणतेही यंत्र फार दूर जाऊ शकत नाही.

ही चूक आवरण्याचे काम दुसऱ्या ज्ञानेंद्रियाचे, म्हणजे खाली पाहणाऱ्या कृष्णधवल कॅमेऱ्याचे. ६४० बाय ४८० बिंदूंची छायाचित्रे तो सेकंदाला ३० या गतीने टिपत असे. छायाचित्रातील ठळक खुणा, जसे दगडाची कड किंवा खडकाचा कोपरा, संगणक हेरून ठेवी. पुढच्या छायाचित्रात त्या खुणा किती व कोठे सरकल्या यावरून हेलिकॉप्टरचा वेग ठरे. धावत्या आगगाडीतून रुळाकडची खडी पाहून गाडीच्या वेगाचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार.

परंतु खुणा सरकण्याचे प्रमाण उंचीवरही अवलंबून असते. तोच वेग असताना जवळची खडी झरझर मागे पळते, दूरचे शेत सावकाश सरकते. म्हणून तिसरे ज्ञानेंद्रिय, लेसर उंचीमापक. तो प्रकाशाचा स्पंद खाली सोडतो आणि परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. १० मीटर उंचीवरून हा प्रवास सेकंदाच्या सुमारे ६७ अब्जांशांत पुरा होतो. इन्जेन्युइटीवर बसवलेला मापक 'लिडार लाइट' या नावाने बाजारात मिळणाऱ्या जातीचा होता. ड्रोन बनवणारे हौशी लोकही तो वापरत.

चौथे ज्ञानेंद्रिय कलमापक. उड्डाणापूर्वी जमिनीवर उभे असताना हेलिकॉप्टर किती कललेले आहे हे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून सांगणे, एवढेच त्याचे काम. मात्र सुरुवातच चुकली तर पुढचा सारा हिशेब चुकतो, म्हणून त्याचे महत्त्व मोठे. याशिवाय १३ मेगापिक्सेलचा एक रंगीत कॅमेराही होता, पण त्याचा उपयोग दृश्ये टिपण्यासाठी होता, मार्ग शोधण्यासाठी नव्हे.

बिघाडांनी दिलेले धडे

यंत्रमानवाच्या रचनेतील बारकावे सुरळीत चालताना कळत नाहीत, ते बिघाडाच्या वेळी उघड होतात. इन्जेन्युइटीच्या वाटचालीत असे प्रसंग अनेक आले.

पहिल्या उड्डाणाआधीच ९ एप्रिल २०२१ रोजी पंखे वेगाने फिरवून पाहण्याची चाचणी मध्येच थांबली. कारण होते 'वॉचडॉग' घड्याळ. ठरावीक मुदतीत संगणकाने 'सर्व ठीक' असा संकेत दिला नाही तर हे घड्याळ काम थांबवते. आज्ञांच्या क्रमात थोडा बदल करून मार्ग काढण्यात आला. तो उपाय प्रत्येक वेळी लागू पडणार नाही, याची अभियंत्यांना कल्पना होती. तसेच झाले. २९ एप्रिल रोजी चौथे उड्डाण होऊ शकले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच आज्ञांवर ते व्यवस्थित पार पडले.

२२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात सुमारे ५४ सेकंद झाल्यावर कॅमेऱ्याकडून संगणकाकडे जाणारे एक छायाचित्र गहाळ झाले. सेकंदाला ३० छायाचित्रांपैकी एक हरवले तर काय बिघडले, असे वाटेल. पण त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसला. जे दृश्य एका क्षणी टिपले, ते दुसऱ्याच क्षणाचे समजून संगणक गणित करू लागला. जडत्वमापक एक सांगे, कॅमेरा दुसरेच. नसलेली चूक सुधारण्याच्या खटपटीत हेलिकॉप्टर २० अंशांपर्यंत पुढे-मागे झुलू लागले. तरीही ते ठरलेल्या ठिकाणापासून सुमारे ५ मीटरच्या आत सुखरूप उतरले. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची माहिती मुद्दाम बाजूला ठेवण्याची योजना होती, ती येथे कामी आली.

या अनुभवावरून 'लगेच उतर' ही आज्ञा आज्ञावलीत घालण्यात आली. २२ जुलै २०२३ रोजी ५३ व्या उड्डाणात कॅमेरा आणि जडत्वमापक यांच्या माहितीचा मेळ पुन्हा बसेना, तेव्हा या आज्ञेने काम केले. १३६ सेकंदांसाठी आखलेले उड्डाण ७४ सेकंदांत आटोपते घेऊन हेलिकॉप्टर सुरक्षित खाली आले.

जून २०२२ मध्ये कलमापक निकामी झाला. मंगळावर दुरुस्तीला जाणार कोण? तथापि जडत्वमापकातील त्वरणमापकालाही स्थिर अवस्थेत गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठवून कलमापकाचे काम त्याच्याकडून करून घेण्यात आले आणि उड्डाणे पुढे चालू राहिली. एका संवेदकाचे काम दुसऱ्याला ओढूनताणून का होईना करता यावे, हे तत्त्व त्या दिवशी यंत्राचे प्राण वाचवून गेले.

थंडीनेही परीक्षा पाहिली. मंगळावरील रात्री तापमान उणे ९० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तर बाजारातील अनेक इलेक्ट्रॉनिक भागांची हमी उणे ४० अंशांपुरतीच असते. बॅटरीतील सहा लिथियम आयन घटांची बरीच शक्ती तापकांवर खर्च होई. २०२२ च्या हिवाळ्यात धुळीमुळे सौरपट्टीची वीज घटली आणि मे महिन्याच्या प्रारंभी एका रात्री एफपीजीएचा वीजपुरवठा खंडित होऊन हेलिकॉप्टरचे घड्याळच चुकले. ठरलेल्या वेळी ते बग्गीशी बोलेना. पुढे संपर्क पूर्ववत झाला आणि रात्रीच्या कडाक्यात सापडलेले ते सर्वसाधारण भाग तगून राहिले.

डोळे उघडे, पण दिसेना

शेवट मात्र कोणताही भाग बिघडल्यामुळे झाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये इन्जेन्युइटी वाळूच्या लाटांनी व्यापलेल्या प्रदेशात पोहोचले होते. तेथे दगड कमी, सर्वत्र एकसारखी वाळू. कॅमेरा उत्तम स्थितीत होता, संगणक ठणठणीत होता, पण लक्षात ठेवण्याजोगी खूणच दृश्यात नव्हती. ६ जानेवारीचे ७१ वे उड्डाण वेळेआधीच आटोपले. आपण नेमके कोठे आहोत हे पाहण्यासाठी १८ जानेवारीला १२ मीटर उंच जाऊन परत खाली येण्याचे छोटे उड्डाण आखण्यात आले.

त्याची चौकशी नासाने केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. उड्डाणानंतर सुमारे २० सेकंदांतच मार्गशोधक यंत्रणेला पुरेशा खुणा सापडेनाशा झाल्या. त्यामुळे वेगाचा अंदाज चुकला आणि बहुधा आडवा वेग बराच शिल्लक असतानाच हेलिकॉप्टर वाळूच्या उतारावर आदळले. धक्क्याने ते एकदम कलले, पात्यांवर सोसवणार नाही इतका भार आला आणि चारही पाती तुटली. २५ जानेवारी २०२४ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर करण्यात आले.

या यंत्रणेची रचनाच दगडगोट्यांच्या सपाट जमिनीसाठी होती. आरंभीची आज्ञावली तर खालची जमीन सपाटच आहे असे गृहीत धरून चालत असे. ५ जुलै २०२१ च्या नवव्या उड्डाणात उंचसखल वाळूचा प्रदेश ओलांडताना म्हणूनच वेग कमी ठेवावा लागला. २०२२ च्या उत्तरार्धात जमिनीच्या चढउतारांचे नकाशे जोडून ही उणीव पुष्कळ भरून काढण्यात आली. मात्र खुणाच नसलेल्या जमिनीवर उपाय आज्ञावलीत नव्हता, त्यासाठी वेगळ्या जातीचा संवेदकच हवा होता.

रोबो बनवणाऱ्यांसाठी बोध

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ येथून सुटे भाग आणून रोबो बनवणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. 'आबू रोबोकॉन' ही आशिया-पॅसिफिक स्तरावरील स्पर्धा २००८ आणि २०१४ साली पुण्यातच भरली होती आणि २००८ च्या स्पर्धेचा विषय तर दहीहंडीवर बेतलेला होता. अशा विद्यार्थ्यांना इन्जेन्युइटीची रचना परकी वाटू नये. २००५ मध्ये इटलीतील इव्हरिया येथे जन्मलेले 'अर्डुइनो' हे पटल आणि २०१२ मध्ये ब्रिटनमधून बाजारात आलेला 'रास्पबेरी पाय' हा चिमुकला संगणक एकत्र वापरले की तीच वाटणी छोट्या प्रमाणावर साधते. मोटारींचे नेमके वेळापत्रक सांभाळणे अर्डुइनोकडे, कॅमेऱ्याची चित्रे तपासणे रास्पबेरी पायकडे. अर्डुइनो उनोमधील नियंत्रकाचा वेग १६ मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. चित्रे समजून घेणे त्याला जमत नाही, पण ठरलेल्या क्षणी ठरलेले काम करण्यात तो मोठ्या संगणकाला मागे टाकतो.

भाग निवडताना किमतीइतकाच विचार मर्यादांचा हवा. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा संवेदक स्वस्त असतो, पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो. १० अंशांवर तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर विदर्भातल्या उन्हाळ्यातील ४५ अंशांवर सुमारे ३५८ मीटर असतो. तापमानाची नोंद न घेता केलेले मापन त्यामुळे सहा टक्क्यांनी चुकू शकते. अवरक्त किरणांचा संवेदक काळ्या पृष्ठभागावर गडबडतो आणि कडक उन्हात दिपतो. कॅमेरा अंधारात व कोऱ्या भिंतीसमोर हतबल होतो. प्रत्येक संवेदकाचा आंधळा कोपरा वेगळा असतो, म्हणूनच एकमेकांचे कोपरे झाकणारे दोन-तीन संवेदक एकत्र लावतात. त्यांच्या प्रत्येक नोंदीवर अचूक वेळ टाकणे किती अगत्याचे आहे, ते सहाव्या उड्डाणाने दाखवलेच आहे.

याहून मोठी गोष्ट ७२ व्या उड्डाणातून कळते. संवेदक बंद पडला तर ते ओळखणे सोपे असते. तो चालू आहे, आकडेही देतो आहे, पण त्या आकड्यांत तथ्य उरलेले नाही, हे ओळखणे अवघड. मंगळावर त्याची किंमत एका हेलिकॉप्टरने मोजली. रस्त्यावर धावणारी चालकविरहित मोटार, शस्त्रक्रियेच्या मेजावरील यांत्रिक हात किंवा शेतावर फवारणी करणारे ड्रोन यांच्या बाबतीत ती माणसाला मोजावी लागेल. म्हणून यंत्रमानवाला डोळे देणाऱ्याने त्याला आणखी एक गोष्ट शिकवणे भाग आहे : दिसत नसेल तेव्हा 'दिसत नाही' असे मान्य करून थांबणे.